कापणीआधी की कापणीनंतर

थॉर्नवेल, मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस

इव्हो,

आशीर्वाद नंतर घे, आधी शिव्या घे. पर्किन लिहायला बसलाय. हा लोकरवाल्याचा कारकून, यंदाच्या लोकरीचा सौदा करायला आलाय, आणि हे पत्र तोच लिन शहरात तुझ्या हातात देईल. म्हणतो, शिव्यांना शाई जास्त लागते. लागू दे. माझ्या मेंढीची लोकर घेतो ना, शाई त्यातून वळती कर म्हटलं.

गेल्या ईस्टरला तू पळालास, मला न सांगता. मी मनात म्हटलं, जाऊ दे. शहराच्या तटाच्या आत एक वर्ष आणि एक दिवस काढला की माणूस कुणा जमीनमालकाचा बांधील राहत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुला फक्त गप्प बसायचं होतं. येत्या ईस्टरपर्यंत तोंड बंद, एवढंच काम. तेवढंही तुला जमलं नाही. तू आईला हातमोजे पाठवलेस.

कोकराच्या कातड्याचे. मनगटाला तांबड्या दोऱ्याची शिवण. अरे, तिच्या हाताला आयुष्यभर शेण लागलंय, तिला कशाला हवेत हातमोजे? पण तिने नाताळच्या प्रार्थनेला ते घातले. घातले ते घातले, वर हात छातीशी असे धरून बसली की वेदीवरच्या मेरीमातेपेक्षा लोक तिच्याकडेच बघत होते. आपले कारभारी मॉरिस बाहेर पडताना तिच्याजवळ थांबले. आवाजात साखर.

"काय सुंदर हातमोजे, गनिल्डबाई! आमच्या बायकोकडेसुद्धा असले नाहीत. कुठून आणले?"

मी दोन पावलं मागे होतो. मला खोकलाही काढता आला नाही. आई म्हणाली, "माझ्या इव्होने शिवलेत. लिनमध्ये मोठा कारागीर झालाय तो."

नऊ महिने झाकून ठेवलेलं एका वाक्यात उघडं. घरी येऊन मी तिला वाट्टेल ते बोललो. ती म्हणाली, "विचारलं म्हणून सांगितलं. काय चोरी केली होती?" आणि मग दिवसभर चुलीकडे तोंड करून बसली.

आता ऐक. आपल्या मालकांनी, सर फुल्कनी, राजाच्या न्यायाधीशांकडे तुझ्यावर दावा लावलाय. वर्ष भरायच्या आत दावा लागला की ते वर्ष मोजत नाहीत. माणूस बांधील आहे हे सिद्ध करायचं तर त्याचा एक रक्ताचा नातेवाईक उभा करायचा. त्याने म्हणायचं, 'मी बांधील आहे आणि हा माझा.' बाईचं बोलणं यात धरत नाहीत. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे उरलो मी. कुत्र्याला शोधायला कुत्र्याचाच भाऊ.

कारभारी घरी आले होते. आपल्याच बाकावर बसून आपलीच जवाची दारू प्याले आणि म्हणाले, "हॅमो, तुझी सिसिली लग्नाची झाली की रे."

मी म्हटलं, "झाली."

"तो ऍशबीच्या लोहाराचा पोरगा विचारतोय म्हणे. मोकळा माणूस आहे तो. मालकांनी परवानगी दिली, तर पोरगी मोकळ्या घरात जाईल. तिची पोरंही मोकळी. नाहीतर..." एवढं बोलून पेला पुढे केला. मी भरला.

"मालक देतील परवानगी?"

"का नाही देणार? तू खरं तेच सांगायचंय. भाऊ आहे तो तुझा. खोटं बोल म्हणतोय का मी?"

बघ, किती सोपं केलंय. खरं बोलायचं आणि पोरगी सोडवायची. मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही, कारण अजून दिलेलं नाही. तू गेल्यापासून तुझ्या वाट्याची वेठही मीच करतोय. मालकाच्या शेतात सोमवार माझा, बुधवार तुझा, आणि आपल्या शेताला उरतो तो पाऊस. हे तुला कळावं म्हणून सांगतो, रडत नाहीये.

तू आणखी लांब जा. एखाद्या जहाजावर चढ. तिथे लग्न केलंस असं पर्किन सांगतो, सासऱ्याकडे पैसा आहे म्हणे, तो तुला समुद्रापलीकडे फ्लँडर्सला पाठवेल. हात असलेली माणसं सगळीकडेच आहेत, तिथेही हातमोजे विकले जातील. मला त्या कोर्टात तुझ्यासमोर उभा करू नकोस.

तुझा भाऊ,
हॅमो


थॉर्नवेल, सेंट जॉनचा दिवस, मेंढ्या कातरायचा हंगाम

इव्हो,

निळा कोट छान होता. त्यात तू इतका ताठ उभा होतास की मला वाटलं पाठीला फळी बांधली आहे.

तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी दोन दिवस बैलगाडीत बसून आलो होतो, कारभाऱ्यांच्या दोन माणसांच्या मध्ये, मीच पळून जाईन की काय अशा थाटात. पहाटेपासून मी मनात वाक्य जुळवत होतो. दोन वाक्यं जुळवली होती. कुठलं बोलणार होतो ते आता कशाला विचारतोस? तू बोलूच दिलं नाहीस.

तुझा तो वकील उठला. त्या पाखरासारख्या माणसाने मला बोटाने दाखवलं आणि म्हणाला, या माणसाला तोंड उघडायची तसदी नको. हा गनिल्डचा मुलगा, माझा अशीलही गनिल्डचा मुलगा, आम्ही नाकारत नाही. पण बांधिलकी येते ती बापाकडून. तिचा नवरा थर्स्टन समुद्रापलीकडे असताना माझ्या अशिलाचं बीज पडलं. त्याला बाप नाही. ज्याला बाप नाही त्याला बापाची बेडीही नाही.

न्यायाधीशांनी भुवया वर केल्या. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मालकांचा वकील उठून उभा राहिला आणि तसाच पुन्हा बसला. आणि तू छताकडे बघत होतास. छतावर काय होतं रे?

पर्किन म्हणतो, ही तोड शहरातल्या वकिलांना नवीन नाही, बरेच लोक अशी सुटलेत. म्हणतो, कायदा आहे. असेल. पण त्या कायद्यात आई कुठे बसते, ते कोणी लिहिलंय का?

मी घरी आलो. ती दारात वाटाणे सोलत होती. कारभाऱ्यांची माणसं गावभर सांगणारच होती, म्हणून मीच सांगून टाकलं. सगळं, शब्दन् शब्द. म्हटलं, तुझा कारागीर म्हणतो, तू नवरा घरी नसताना कुणाकडे तरी गेली होतीस. पोर लग्नातलं की बाहेरचं हे ठरवणं बिशपचं काम, म्हणून आता बिशपचा माणूस इथे येणार, देवळात बसणार, आणि अख्ख्या गावासमोर तुला विचारणार.

तिने एक शेंग सोलली. दुसरी सोलली. मग विचारलं, "तो बरा दिसत होता का?"

"आई, मी काय सांगतोय!"

"ऐकलं मी. बहिरी नाहीये. बरा दिसत होता का?"

मी म्हटलं निळा कोट होता. ती म्हणाली, "निळा त्याला लहानपणापासून शोभतो." अरे, लहानपणी निळं कापड कुठून आणलं होतं आपण?

आता मला काय माहीत आहे ते तुला सांगतो. तू तेव्हा पोटातही नव्हतास, मी सात वर्षांचा होतो. मोठे मालक त्या वर्षी राजाबरोबर समुद्रापलीकडच्या लढाईला गेले, आणि गाडी हाकायला बाबांना घेऊन गेले. कधी गेले? कापणी संपल्यावर. शेवटची गाडी खळ्याकडे निघाली तेव्हा बाबांनी मला उचलून पेंढ्यांच्या ढिगावर बसवलं होतं. मी वरून पडेन म्हणून आई खालून ओरडत होती आणि बाबा हसत होते. त्यानंतर दोन रविवारांनी ते गेले. पुढच्या पेंटेकॉस्टला तू झालास. हिशेब तुझा तूच कर. आणि हिशेब जमला नाही तर उजव्या हाताचा अंगठा बघ. असा बाहेर वाकलेला अंगठा या जगात तिघांचाच होता, त्यातला एक आता मातीत आहे.

तू थर्स्टनचा आहेस. डोक्यापासून नखापर्यंत. आणि तुला ते माहीत आहे. बाबांनी तुला खांद्यावर बसवून पेरणी केली. माझ्यावर कधी केली नाही.

कारभारी पुन्हा येऊन गेले. या वेळी दारू नको म्हणाले. म्हणाले, "कापणीआधी गेला की कापणीनंतर, एवढ्याच प्रश्नावर सगळं आहे. मोठ्या मालकांच्या वेळचे कागद उंदरांनी खाल्ले. म्हातारे एकेक करून गेले. तुझ्या डोक्यात आहे ते देवळात सांग. पोरगी ऍशबीला जाईल."

सिसिली दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलंय. आता माझ्या ताटात कालवण जरा जास्त वाढते. हे मला सहन होत नाही, इव्हो.

वाचून चुलीत घाल.

हॅमो


थॉर्नवेल, सेंट मार्टिनचा दिवस, डुकरं कापायची वेळ

इव्हो,

झालं. बिशपच्या माणसाने कौल दिला, तो आता न्यायाधीशांकडे जाईल. तुझा वकील तुला सांगेलच. पण तो तिथे नव्हता आणि तूही नव्हतास, म्हणून मी सांगतो.

बिशपचा माणूस बाकावर उशी टाकून बसला होता. त्याला सर्दी झाली होती, मध्येमध्ये शिंकायचा. सगळं गाव आलं होतं. जे देऊळ सणालाही भरत नाही ते त्या दिवशी भरलं. आपला पाद्री ऑस्बर्ट कोपऱ्यात उभा होता, हातात पवित्र ग्रंथ घेऊन.

आधी म्हाताऱ्यांना विचारलं. गिरणीवाल्या रेनॉल्डला विचारलं, थर्स्टन कधी गेला? त्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "साहेब, त्या वर्षी माझी गाय मेली. एवढंच आठवतं." म्हाताऱ्या इडोनीला विचारलं. ती म्हणाली, "कोण थर्स्टन?" अरे, तिच्या घराचं छप्पर बाबांनी दोनदा शाकारलं होतं. एकेक जण असाच आठवण हरवून परत जागेवर जात होता. कारभाऱ्यांचा चेहरा बीटासारखा होत चालला होता. गावाने तुझ्यासाठी हे केलं असं समजू नकोस. आईसाठी केलं. आणि कारभाऱ्यांचा चेहरा बघायला मिळावा म्हणून.

मग आई. ती डोक्याला स्वच्छ फडकं बांधून आली होती. ग्रंथावर हात ठेवला.

बिशपचा माणूस म्हणाला, "बाई, नवरा कधी गेला?"

"कातरणीच्या वेळी, साहेब. कापणीआधी."

"नक्की?"

"त्या वर्षीची कापणी मी एकटीने काढली. पाठ अजून दुखते."

"मग मुलगा?"

"मुलगा पुढच्या पेंटेकॉस्टला झाला."

"कुणापासून?"

त्याच्या नाकाचं सूंसूं सगळ्या देवळात ऐकू येत होतं. ती म्हणाली, "वाटेने जाणारा होता कोणी. नाव विचारलं नाही."

मागच्या बाकावरून एक बाई हुंदका देऊन रडली, माझी बायको असावी. आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिने कारभाऱ्यांकडे पाहिलं, सरळ, जसं तिने आयुष्यात कधी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

बिशपच्या माणसाने नाक पुसलं आणि विचारलं, "आणि थोरला?"

ती पटकन म्हणाली, "तो नवऱ्याचा. थोरला नवऱ्याचाच आहे."

मग मला बोलावलं. ग्रंथाचं कातडं गार होतं. माझ्यासमोर सिसिली उभी होती, धाकट्या बहिणीचा, ऍव्हिसचा, हात धरून. डावीकडे आई. मला कोणीतरी दोन बाजूंनी धरून ओढतंय असं वाटलं. खरं बोललो असतो तर सिसिली ऍशबीला गेली असती, तू इथे साखळीत आला असतास, आणि आई ग्रंथावर हात ठेवून खोटं बोललेली ठरली असती.

"तू सात वर्षांचा होतास. बाप कधी गेला, आठवतं?"

मी म्हणालो, "नाही, साहेब. मी लहान होतो."

बस्स. एवढंच. पेंढ्यांचा ढीग, खालून ओरडणारी आई, हसणारा बाप, सगळं गिळलं. सिसिलीने मान खाली घातली. ती मान अजून वर आलेली नाही.

परत येताना रस्त्यात मी आईला गाठलं. ती पुढे चालत होती आणि बायका तिच्यापासून लांब लांब चालत होत्या. मी म्हटलं, "आई, एक विचारू?"

"विचार."

"बोलायचंच होतं तर माझ्याबद्दलही बोलायचं होतंस. मीही वाटेवरच्या कुणाचा तरी झालो असतो. मीही सुटलो असतो. सिसिलीही."

ती थांबली नाही. म्हणाली, "बिनबापाच्या मुलाला जमीन मिळत नाही, हॅमो. थर्स्टनचा तुकडा मग मालकाने काढून घेतला असता. तू खाल्लं काय असतं? पोरं कुठे नेली असतीस?"

"लिनला नेली असती."

"तुला हातमोजे शिवता येतात?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. मग ती म्हणाली, "आणि मला कोणी सांभाळलं असतं?"

हे तिने वाईट वाटून म्हटलं नाही. आज काय रांधायचं असं विचारतात ना, तशा आवाजात म्हटलं. तू मोकळा, कारण तू कुणाचा नाहीस. मी बांधील, कारण मी धर्माच्या लग्नातून झालो. पाद्रीबाबा दर रविवारी सांगतात की पापाचं फळ कडू असतं. पर्किन इथे हसला. लिही म्हटलं, हसू नकोस.

हॅमो


थॉर्नवेल, ईस्टरपूर्वीच्या उपासांचे दिवस

इव्हो,

पर्किन घाईत आहे, थोडक्यात लिहितो.

तुझा निरोप मिळाला. 'दादाला सांग, निकाल आपल्या बाजूने लागला.' आपल्या म्हणजे कुणाच्या, ते पर्किनला विचारलं. त्याने टाक शाईत बुडवला.

आईला प्रायश्चित्त दिलं. नुसत्या अंतर्वस्त्रावर, अनवाणी, हातात मेणबत्ती, देवळाभोवती फेरी, आणि मागून पाद्रीबाबांची छडी. तीन रविवार. पहिल्या रविवारी बर्फ होतं. पाद्रीबाबा तसे हळूच मारत होते, पण मारत होते. लोक दाराशी उभे राहून पाहत होते. ज्यांना देवळात काही आठवलं नव्हतं, त्यातलेच काही आता खरंच विसरलेत. इडोनी आईच्या हातचं पाणी घेत नाही. माणसाने स्वतः खोटं सांगितलं की काही महिन्यांनी ते त्याला खरं वाटू लागतं, हे मी आपल्या गावात पाहिलं.

सिसिलीचं लग्न झालं. कारभाऱ्यांनी लावून दिलं, आपल्याच मालकाच्या डुकरं राखणाऱ्या वॉटशी. त्याची पहिली बायको गेल्या वर्षी गेली. वॉट वाईट नाही. दात कमी आहेत. लग्नाच्या सकाळी सिसिली मला म्हणाली, "बाबा, काकांना सांगा की त्यांचा कोट मी शिवला असता तर निळा नसता शिवला." मला कळलं नाही ती काय म्हणतेय. विचारायचा धीर झाला नाही.

तू कधी येणार असं आईने विचारलं. मी म्हटलं, कामात असेल.

हॅमो


थॉर्नवेल, नव्या भाकरीचा सण

इव्हो,

आई गेली. मागच्या शुक्रवारी, दुपारी, शेतावर सगळे गेलेले असताना. मी घरी होतो.

उपासाच्या दिवसांत जो खोकला लागला तो गेलाच नाही. बर्फात अनवाणी चालल्यावर कुणाचा जाईल? जूनपर्यंत ती चुलीपर्यंत उठून जायची, नंतर तेही थांबलं.

पाद्रीबाबा तीन वेळा येऊन गेले, तेल आणि पवित्र भाकरी घेऊन. दारातून म्हणायचे, "गनिल्ड, मनातलं सांगून टाक. मरताना ओझं घेऊन जाऊ नये." ती म्हणायची, "आज नको. आज खोकला आहे." तिसऱ्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पाद्रीबाबा बाहेर मला म्हणाले, "हॅमो, काही आहे का रे तिच्या मनात? व्यभिचाराचं प्रायश्चित्त तर तिने फेडलं." मी म्हटलं, मला काय माहीत.

पण मला माहीत होतं. तुलाही माहीत आहे. जे तिने केलंच नव्हतं, त्याची शिक्षा ती भोगून मोकळी झाली होती. जे केलं होतं ते उरलं होतं. पवित्र ग्रंथावर हात ठेवून खोटं बोलली होती ती, आणि ते पाद्र्याच्या कानात सांगितल्याशिवाय माफी नाही. माफीशिवाय मेलं तर कुठे जायचं, ते देवळाच्या भिंतीवर रंगवलंय. लहानपणी तू ते चित्र बघून रडायचास.

शुक्रवारी सकाळी तिने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"हॅमो, पाद्र्याला सांगितलं, तर तो कुणाला सांगत नाही ना?"

मी म्हटलं, "नियम तसा आहे."

"नियम विचारत नाहीये. ऑस्बर्टचं विचारतेय. तो दर रविवारी मालकांच्या टेबलावर जेवतो. दारू प्याला की बोलतो. तो कारभाऱ्याला सांगेल का?"

इव्हो, मला खरंच माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. ऑस्बर्ट भित्रा आहे, पण दुष्ट नाही. कदाचित त्याने सांगितलं नसतं. कदाचित तोंडातून निसटलं असतं, आणि मालकांनी दावा पुन्हा उकरला असता. माझ्या एका शब्दावर होतं सगळं. 'नाही सांगणार, आई' असं म्हणालो असतो तर मी पळत जाऊन पाद्र्याला आणलं असतं, तिने ओझं उतरवलं असतं, आणि हलकी होऊन गेली असती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ती माझ्याकडे आजवर इतका वेळ कधी बघत बसली नव्हती.

मी म्हणालो, "सांगेल."

तिने मान हलवली. म्हणाली, "वाटलंच मला." मग थोडं पाणी मागितलं, प्याली नाही. मला म्हणाली, "तू शेतावर जा, ऊन उतरायच्या आत भारे बांधून होतील." मी गेलो नाही. दुपारी ती गेली.

मरताना पाद्र्याला परत पाठवणाऱ्याला देवळाच्या आवारात जागा नाही. बाबा आत आहेत, यू झाडाजवळ. ती कुंपणाबाहेर आहे, जिथे गेल्या वर्षी बुडालेल्या भिकाऱ्याला पुरलं. खड्डा मी आणि वॉटने खणला. सिसिली आली होती, पोटुशी आहे. तिचं पोरही सर फुल्कचं बांधील जन्माला येईल. त्या पोराला बाप आहे ना.

पर्किन सांगतो, तुला यायचंय. ती आजारी आहे हे ऐकून तू रडलास म्हणे, आणि घोडा भाड्याने घेणार होतास. ऐक. येऊ नकोस. कारभारी अजून पाळतीला माणूस ठेवून आहेत. कुंपणाबाहेरच्या त्या मातीशी तू गुडघे टेकलेस आणि चार माणसांदेखत रडलास, तर कोणालाही कळेल की त्या बाईने काय केलं आणि का केलं. तिने तुझ्यासाठी काय सोडलं ते तू वाया घालवू नकोस. आणि मी काय बोललो तेही.

मी रागावलेला आहे का, असं तू पर्किनला विचारलंस म्हणे. हो, रागावलेला आहे. मरेपर्यंत राहीन. त्याने तुझं काही बिघडत नाही. हातमोजे शीव, पोरं वाढव, त्यांना सांग की त्यांच्या आजोबांचं नाव कुणाला ठाऊक नाही. पुन्हा पत्र येणार नाही. पर्किनलाही आता लिहिण्यासारखं काही सांगणार नाही.

थर्स्टनचा एकुलता एक मुलगा,
हॅमो